स्वतः लिहायचं, स्वतः गायचं: वामनदादांच्या वाटेवर आज गाणाऱ्याचं कसं भागतं?

सिन्नरकर

लोककवी वामनदादा कर्डकांवर इथे स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून हा काढतोय. शाहिरी, भीमगीतं, गायन पार्ट्या यातलं ज्यांना जवळून माहीत आहे त्यांनी जरूर लिहा.

१५ ऑगस्ट १९२२ ला आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत दादांचा जन्म झाला आणि १५ मे २००४ ला ते गेले. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं. तिथपासून शेवटपर्यंत हा माणूस स्वतःचीच गाणी लिहीत, स्वतःच गात गावोगाव फिरला. शाळा नशिबी नव्हती. मुंबईत गिरणीत काम, शिवडीच्या चाळीत मुक्काम. कोणीतरी पत्र वाचायला दिलं आणि वाचता येईना, ते मनाला इतकं लागलं की बाप्या माणूस झाल्यावर ते अक्षरं शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं पक्की केली. पुढे त्यांच्या कवितांचे 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले. गाणी किती लिहिली असतील? हजारोंनी, एवढंच खात्रीने सांगता येतं, कारण बरीचशी कागदावर आलीच नाहीत. जिथे गायली तिथल्या लोकांच्या तोंडी राहिली.

आज ज्याला आपण स्वतंत्र कलाकार म्हणतो तो हाच. मागे कंपनी नाही, सरकारी नाट्यगृह नाही, ठरलेला पगार नाही. गाणं आपलं, आवाज आपला आणि बोलावणारी वस्ती आपली. असा माणूस साठ वर्षं उभा राहिला कसा आणि त्या वाटेने आज कोणाला जाता येईल का, याबद्दल मला बोलायचंय.

पण आधी एक गोष्ट, जी मला फार खटकते. दादांच्या गाण्यात शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' येतो. तुकोबांचं 'तुका म्हणे', एकनाथांचं 'एका जनार्दनी', रामजोशींचं 'कविराय', तीच ही रीत. दादांकडे दुसरी कुठली नोंद नव्हती, सही नव्हती. गाण्यात विणलेलं नाव हीच त्यांची मालकी. आणि आज मोबाइलवर त्यांची गाणी ऐकाल तर नेमका तोच अंतरा गायब. मुखडा, दोन अंतरे, मधे बँजोचा लांबलचक तुकडा आणि संपलं. खाली गायकाचं नाव, संगीत संयोजकाचं नाव, रेकॉर्डिंग कुठे झालं त्याचंही नाव. गीतकाराच्या जागी 'पारंपरिक'. २००४ पर्यंत आपल्यात वावरणाऱ्या माणसाचं गाणं पारंपरिक कसं होतं?

पळसफूल

सिन्नरकर, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी नागपूरची. आमच्याकडे दीक्षाभूमीवर विजयादशमीला पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्यात गाण्यांच्या छोट्या पुस्तिका असायच्या. हलका पिवळट कागद, मधे दोन पिना, मुखपृष्ठावर बाबासाहेब आणि कोपऱ्यात कवीचा चौकोनी फोटो. आत प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल :' असं लिहून पुढे एखाद्या चालू सिनेमातल्या गाण्याचे शब्द. माझ्या आईला नोटेशन वगैरे काही येत नव्हतं, पण ती चालीची ओळ पाहायची आणि अख्खं गाणं लगेच गळ्यावर चढवायची. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका अशाच गाणी शिकल्या. आणि मलपृष्ठावर हमखास 'सर्व हक्क कवीच्या स्वाधीन'. तेव्हा त्या ओळीकडे कधी लक्ष गेलं नाही.

त्या पुस्तिका म्हणजे गाणाऱ्याची रोकड होती. कार्यक्रम झाला की मंचाच्या बाजूला सतरंजीवर गठ्ठा मांडायचा. बिदागी मंडळाने बुडवली तरी पुस्तिकांचे पैसे त्याच रात्री हातात. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवरही हेच चित्र. नंतर कॅसेटी आल्या, मग सीडी आणि आता पेनड्राइव्ह.

दिमडीवाला

मी गायन पार्टीत कोरसला आणि दिमडीवर असतो, म्हणून आतलं थोडं सांगतो.

आमचा हंगाम म्हणजे एप्रिल आणि मे. १४ एप्रिलपासून जयंतीचे कार्यक्रम सुरू होतात ते बुद्ध पौर्णिमेच्याही पुढे चालतात, कारण प्रत्येक वस्तीला आपला वेगळा दिवस हवा असतो. मग पावसाळा जवळजवळ कोरडा. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, एवढ्या तारखा. मधे कोणाचं वास्तू, बारसं, पुण्यानुमोदन (मृत्यूनंतरचा बौद्ध विधी) असेल तर चार पैसे. म्हणजे दोन महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं.

कार्यक्रम ठरला की इसार येतो. त्या पैशातून गाडीत डिझेल पडतं. बाकीची रक्कम कार्यक्रमानंतर, आणि तिथेच खरी परीक्षा. वर्गणी कमी जमली की मंडळाचा अध्यक्ष फोन उचलत नाही. हार्मोनियम, ढोलकी, बँजो, ऑक्टोपॅड, दोन कोरस, ड्रायव्हर, सगळ्यांना देऊन मुख्य गायकाच्या हातात जे उरतं त्यातच गीतकार बसवायचा. गायक स्वतः लिहिणारा असेल तर तेवढं वाचतं. नाहीतर लिहिणाऱ्याला हजार-दोन हजार देऊन वही विकत घेतात आणि विषय संपतो. माझ्या माहितीतल्या एका म्हाताऱ्या कवीच्या तीन वह्या अशा गेल्या. त्यांची गाणी आज तीन जिल्ह्यांत वाजतात. ते स्वतः ऐकतात आणि गप्प बसतात.

शेवटचा अंतरा का गळतो, त्याचं आमच्या बाजूचं कारणही ऐका. पूर्वी सामने रात्रभर चालायचे. दोन पार्ट्या समोरासमोर, सवाल-जवाब, पहाटेपर्यंत कोणी उठायचं नाही. गाणं सहा-सात अंतऱ्यांचं असलं तरी चालायचं, उलट लांब गाण्यालाच मान. आता ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ला भोंगा बंद. जिल्हाधिकारी जाहीर करतात त्या मोजक्या दिवसांत १२ पर्यंत सूट. मिरवणूक रेंगाळते, भाषणं लांबतात आणि आमच्या हातात माईक येतो साडेआठला. दीड तासात लोकांच्या वीस फर्माइशी. मग गायक दोन अंतऱ्यांवर गाणं सोडतो. मुद्दाम कोणी नाव खात नाही, पण नाव शेवटी असतं आणि कात्री शेवटीच लागते.

घाटमाथा

हे दुखणं जुनं आहे. पठ्ठे बापूराव घ्या. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, सांगली भागातल्या रेठरे हरणाक्षचे. वतन, घर, जात सगळं सोडून तमाशात आले, पवळाबाईंबरोबर फड गाजवला आणि १९४५ मध्ये हलाखीत गेले. त्यांच्या लावण्यांवर किती फडांनी पोट भरलं असेल याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तरीही आज त्यांची लावणी ओळखू येते ती लावणीतल्या नावामुळेच.

उलटं उदाहरण आपल्या राज्यगीताचं. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे शाहीर साबळ्यांचं गाणं असं कोणीही सांगेल, आणि गायलंय त्यांनी असं की अंगावर काटा येतो. पण शब्द राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. २०२३ मध्ये राज्यगीत झालं तेव्हा अनेकांना कवीचं नाव पहिल्यांदा कळलं. बढ्यांसारख्या नावाजलेल्या कवीची ही गत, तर वस्तीतल्या गाणाऱ्याची काय असणार?

उगवतीचा_वारा

मला थोडं वेगळं म्हणायचंय. दादा चळवळीचे गायक होते. त्यांनी पैशासाठी लिहिलं नाही. ही गाणी लोकांची झाली, ज्याला हवी त्याने गावी, हाच त्यांचा विजय नाही का? मालकी, हक्क, रॉयल्टी ही भाषा बाजाराची आहे. ती या गाण्यांना लावली की गाणी कपाटात बंद होतील. उद्या एखाद्या पोराने जयंतीत 'भीमा तुझ्या मताचे' म्हटलं तर त्याला नोटीस पाठवायची का?

सिन्नरकर

नाही भाऊ, नोटीस कोणालाच नको. जयंतीत गाणाऱ्या पोराला कोणी अडवू नये आणि अडवत नाहीही. पण 'लोकांची झाली' आणि 'पारंपरिक' यात फार फरक आहे. लोक गातात तेव्हा गाणं लोकांचं होतं. त्याच गाण्याचं रेकॉर्डिंग करून कोणी त्यावर जाहिरातीचे पैसे घेतं तेव्हा ते एका माणसाचं होतं, फक्त तो माणूस कवी नसतो. बाजार तिथे आधीच आलेला आहे. कवी तेवढा बाहेर राहिलाय.

आणि दादांना नावाची पर्वा नव्हती असं म्हणणं मला पटत नाही. पर्वा नसती तर 'वामन' गाण्यात गुंफलाच नसता. ज्या समाजाला शतकानुशतकं नाव लावायची मुभा नव्हती, त्या समाजातला माणूस पाट्या वाचून अक्षरं शिकतो आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव लिहितो. ती हौस नव्हती. टाटा-बिर्लांच्या साठ्यात आमचा वाटा कुठाय असं भर सभेत विचारणारा कवी आहे हा. त्याच्याच गाण्याच्या वाट्याबद्दल आपण संकोच करायचा?

कागदपत्र

वकिली करतो, म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो. कंटाळवाणं वाटेल, पण इथे गाणी लिहिणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्या कामाचं आहे.

गाणं कागदावर उतरलं किंवा रेकॉर्ड झालं त्या क्षणी त्यावर तुमचा हक्क तयार होतो. नोंदणी सक्तीची नाही, वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. हा हक्क कवी हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. वर्ष धरायचं ते निधनानंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०६४ अखेरपर्यंत संरक्षित. शाहीर अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, त्यांचे २०२९ अखेरपर्यंत. तेव्हा 'पारंपरिक' हे लेबल नुसतं चुकीचं नाही, कायद्याने खोटं आहे.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, ती गीतकार-संगीतकारांसाठी मोठी आहे. तुम्ही हक्क कंपनीला लिहून दिले तरी रेकॉर्डिंगच्या पुढच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्ही सोडूच शकत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात उलटं लिहिलं असेल तर ते कलम रद्दबातल. गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून मुंबईत आहे. सभासद व्हा आणि प्रत्येक गाण्याची नोंद करा. नुसतं सभासदत्व घेऊन गाणी न नोंदवणारे पुष्कळ भेटतात, त्यांना पैसे कुठल्या गाण्याचे द्यायचे?

आणि सिन्नरकरांच्या मूळ मुद्द्यावर: कलम ५७. हक्क विकले तरी 'हे माझं आहे' म्हणण्याचा लेखकाचा हक्क उरतो. नाव लावण्याचा हक्क पैशाच्या हक्कापासून वेगळा आहे. दादा शेवटच्या अंतऱ्यात जे करत होते त्याला कायद्याचाही आधार आहे.

एकतारी

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय. मी मराठवाड्यातली. स्वतः गाणी लिहिते आणि एकतारीवर म्हणते. आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढले, त्याच चालींवर माझी गाणी बसतात. विषय बायकांचे, ऊसतोडीचे, थोडे बाबासाहेबांचे. नोकरी अर्धवेळ आहे, ती सोडावी का याचा विचार चाललाय.

एका कंपनीकडून करार आलाय. आठ गाण्यांचे मिळून पंधरा हजार, एकदाच. त्यात लिहिलंय की सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी, आत्ताच्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी त्यांचे. आणि गीतकार म्हणून नाव द्यायचं की नाही हे कंपनी ठरवेल. घरचे म्हणतात पंधरा हजार कोण देतं, सही कर. माझा हात होत नाही. कागदपत्र सर, काय करू?

कागदपत्र

ताई, आज सही करू नका. नावाबद्दलची ओळ आधी काढायला लावा, त्यावर तडजोड नाही. मग मुदत. कायमस्वरूपीऐवजी तीन किंवा पाच वर्षं मागा. तुमच्या माहितीसाठी: करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द मुद्दाम घालतात. तिसरं, हक्क फक्त त्या रेकॉर्डिंगचे द्या, शब्दांचे आणि चालीचे देऊ नका. म्हणजे तेच गाणं तुम्ही पुन्हा स्वतः रेकॉर्ड करू शकाल, मंचावर म्हणू शकाल. असा बदल मागितला म्हणून काही बिघडत नाही, ते नाही म्हणतील किंवा रक्कम कमी करतील.

दिमडीवाला

ताई, चालीबद्दल सांगतो. ओवीच्या चालीवर गाता हे फार मोठं भांडवल आहे तुमच्याकडे. पळसफूलताईंनी लिहिलं तसं पूर्वी सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायचे, लोकांना लगेच म्हणता यायचं, आणि मंचावर ते खपलं. आता तसं गाणं यूट्यूबवर टाकलं की यंत्रच चाल ओळखतं आणि गाण्याची कमाई त्या सिनेमाच्या कंपनीकडे वळते. आमच्या पार्टीची अशी कितीतरी गाणी गेली. ओवी, भारूड, गवळण, पोवाडा यांच्या चाली कोणा एकाच्या नाहीत, त्यांवर कोणी दावा सांगू शकत नाही. शब्द तुमचे, आवाज तुमचा.

आणि नोकरी सोडू नका. निदान एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, गाण्याच्या पैशात निघतंय का बघा. एप्रिल-मे बघून सोडाल तर ऑगस्टमध्ये पस्तावाल. मी बऱ्याच जणांना असं परत मिस्त्रीकामावर जाताना बघितलंय, त्यांत चांगले गळे होते.

एकटीने एकतारीवर गाता म्हणजे गाडीभर माणसं न्यायची नाहीत, एसटीने जाता येतं. तुमचा खर्च आमच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. शाळा, महिला मंडळं, कॉलेजचे कार्यक्रम, साहित्य संमेलनं अशा ठिकाणी रात्रीची अडचण नाही आणि वेळेवर पैसे मिळतात. इसार घेतल्याशिवाय तारीख देऊ नका, ओळखीचे असले तरी.

घाटमाथा

एकतारीताई, कडूबाई खरातांचं गाणं ऐकलं असेलच. तुमच्याच भागातल्या, एकतारीवर गात पोट भरलं आणि मोबाइलमुळे घरोघरी पोचल्या. त्या आवाजात जी ओढ आहे ती कुठल्या स्टुडिओत तयार होत नाही. एका साध्या व्हिडिओने दार उघडतं हे खरंच आहे. पण दार उघडल्यावर आत काय न्यायचं ते आधी तयार ठेवा. तुमच्याकडे स्वतःची गाणी आहेत, ती वहीत तारखेसकट नीट लिहून काढा.

संभाजी भगतांचीही वाट बघण्यासारखी आहे. लोकशाहिरीतला माणूस, मंचावरून नाटकात गेला, मग २०१४ च्या 'कोर्ट' सिनेमात, आणि कुठेही गाणं मवाळ केलं नाही. 'कोर्ट'मधल्या शाहिराची गाणी त्यांची आहेत. गाणं जसंच्या तसं ठेवून माध्यम बदलता येतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पळसफूल

म्हातारपणाचाही विचार करा गं. गाणाऱ्याला निवृत्ती नसते. शाहीर विठ्ठल उमप आमच्या नागपुरातच गेले, २६ नोव्हेंबर २०१० ला, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले. लोक म्हणतात कलाकाराला असं मरण यावं. मला तेव्हाही तसं म्हणवलं नाही. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या वयात माणसाला गायचं तर हौसेने गाता यावं, गरजेने नाही.

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधन योजना आहे, आता दरमहा ५००० रुपये. पन्नाशीनंतर अर्ज करता येतो. पण कलेचे पुरावे मागतात: कात्रणं, निमंत्रणपत्रिका, फोटो, प्रमाणपत्रं. वस्तीत आयुष्यभर गायलेल्यांकडे नेमके हेच नसतात. आमच्या शेजारच्या एका आजोबांसाठी आम्ही जुन्या जयंतीच्या पत्रिका घरोघरी फिरून गोळा केल्या. एका घरात ट्रंकेच्या तळाला कागद म्हणून अंथरलेली पत्रिका निघाली, तिच्यावर त्यांचं नाव. ती लावली आणि अर्ज पुढे सरकला. तेव्हा ताई, आजपासून प्रत्येक पत्रिका फायलीत ठेव.

उगवतीचा_वारा

सिन्नरकर, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. बाजार आधीच आत आलाय, हा मुद्दा मानला. तरी माझी काळजी आहे ती सांगतो. हक्क वारसांकडे किंवा कंपनीकडे गेले की ते गाणाऱ्यांना अडवतील, ही भीती खोटी नाही. मग दोन्ही साधेल असं काय करता येईल?

सिन्नरकर

भाऊ, निदान वामनदादांच्या गाण्यांपुरतं तरी साधं आहे. गायला सगळ्यांना मोकळीक, फक्त गीतकार म्हणून नाव लिहायचं आणि शेवटचा अंतरा गायचा. दिमडीवाला भाऊ, वेळ कमी असेल तर मधला अंतरा गाळा, पण 'वामन' असलेला गा. वीसऐवजी सतरा गाणी झाली तर होऊ द्या.

मी यूट्यूबवर 'पारंपरिक' लिहिलेल्या व्हिडिओंखाली कवीचं नाव, गाणं कुठल्या संग्रहात आहे ते आणि गाळलेला अंतरा लिहायला सुरुवात केलीय. काहींनी लगेच दुरुस्त केलं, आभारही मानले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ज्यांच्याकडे जुन्या पुस्तिका आहेत त्यांनी कृपया फोटो काढून ठेवा, मलपृष्ठासकट. पळसफूलताई, तुमच्या आईंच्या पुस्तिका अजून असतील तर आधी त्या.

दिमडीवाला

मधला गाळायचं आमच्या गायकाला सांगितलं. त्याचं म्हणणं, शेवटच्या अंतऱ्याला ढोलकी चढते, लोक उठतात, तो ठेवण्यात आपलाच फायदा आहे. पुढच्या कार्यक्रमापासून करतोय.

पळसफूल

आईच्या पेटीत पुस्तिकांचा गठ्ठा आहे, काहींची मुखपृष्ठं गेलीत. रविवारी फोटो काढते. दादांच्या वेगळ्या लावू की सगळ्या एकत्र?

सिन्नरकर

सगळ्याच काढा ताई. दादांच्या नसतील त्यांतही कोणाचं तरी नाव असेल.

एकतारी

सगळ्यांचे मनापासून आभार. नावाची ओळ आणि 'कायमस्वरूपी' हा शब्द खोडून, पाच वर्षं लिहून करार परत पाठवलाय. शब्द-चालीचे हक्क माझ्याकडे, हेही घातलंय. घरात थोडी बोलाचाली झाली. आयपीआरएसचा अर्ज भरायला घेतलाय, त्यात गाण्याच्या नावापुढे चालीसाठी संगीतकाराचा रकाना आहे. ओवीची पारंपरिक चाल आहे पण मी तिच्यात मधला उठाव बदललाय, तर तिथे काय लिहायचं? कागदपत्र सर, जमेल तेव्हा सांगा.

कागदपत्र

ताई, तुमचा बदल ऐकू येण्याइतका असेल तर 'पारंपरिक चालीवर आधारित' असं सांगून रचनाकार म्हणून स्वतःचं नाव देण्याचा विचार करा, मूळ चालीवर मात्र दावा नको. मूळ ओवी आणि तुमचं गाणं दोन्ही फोनवर रेकॉर्ड करून मला निरोपातून पाठवा, ऐकून सांगतो.